पहाटेच्या अंधारात चालू नका

गोव्यातील सांखळीजवळच्या एका गावातून आलेले पत्र या वेळी उत्तरासाठी घेत आहे. पत्र लिहिणाऱ्या ताई ३४ वर्षांच्या आहेत, प्राथमिक शाळेत शिकवतात आणि त्यांना ९ वर्षांची मुलगी आहे. त्यांची अंगकाठी लहानपणापासून स्थूल. ४ वर्षांपूर्वी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सासरचे सगळे मोठ्या घरी जमले असताना आतेसासूंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत "ब्लाउजाची माया संपली गो तुझ्या" असे सर्वांदेखत म्हटले. तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून सांगितले की, हे शरीर माझे आहे, ते जसे आहे तसे मला मान्य आहे आणि यापुढे त्याविषयी कोणी काही बोलायचे नाही. त्यानंतर लोक खरोखरच गप्प बसले. या वर्षी फेब्रुवारीत केलेल्या तपासणीत त्यांचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.१ निघाले. वडिलांना जुना मधुमेह आहे. म्हणून ताईंनी रोज चालायला आणि जेवणात थोडा बदल करायला सुरुवात केली, त्यात काही किलो वजन उतरले आणि नातेवाइकांना आनंदाचे भरते आले. "एकदाची अक्कल आली" असेही कोणी म्हणाले. आता ताई पहाटे ५.३० वाजता, पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजायच्या आत, अंधारात चालून येतात, कारण आपण हरलो असे कोणाला दिसू नये.

त्यांनी तीन प्रश्न विचारले आहेत. शरीर मान्य आहे म्हणणारी मी आता ते बदलायला निघाले, म्हणजे तेव्हा मी खोटे बोलले का? धाकट्या जाऊबाई वजन उतरवण्याचे इंजेक्शन घेतात आणि सगळे मलाही तेच सुचवतात, तर ते घ्यावे का? आणि मुलीने विचारले आहे, "आई, तू आता बारीक होणार, म्हणजे आधी तू वाईट होतीस?" तिला काय सांगू?

प्रिय ताई,

तुम्ही पत्रात आधीचे आणि आताचे वजन अगदी दशांशासकट लिहिले आहे. ते मी येथे छापले नाही. एचबीए१सीचा आकडा मात्र छापला, कारण त्याचा संबंध तुमच्या प्रकृतीशी आहे आणि त्याबाबत काही करता येण्यासारखे आहे. वजनाचा आकडा छापला असता, तर वाचणाऱ्या प्रत्येक बाईने आधी स्वतःचा आकडा आठवला असता आणि मग तुमच्या म्हणण्याकडे त्या फरकातून पाहिले असते. तुमच्या घरातही नेमके हेच होत आले आहे, आणि निदान या सदरात तरी ते होऊ नये असे मला वाटते.

तुम्ही तेव्हा खोटे बोलला नाहीत. त्या दिवशी तुम्ही दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक म्हणजे, या शरीराचा मी तिरस्कार करणार नाही. आणि दुसरी, याविषयी ठरवण्याचा अधिकार माझ्याखेरीज कोणाचा नाही. माझे शरीर कधी बदलणार नाही, असे वचन तुम्ही कोणाला दिले नव्हते, आणि तसे वचन कोणतीही जिवंत व्यक्ती देऊ शकत नाही. आज तुम्ही रोज चालता ते त्याच अधिकाराने. रिपोर्ट तुमचा, वडिलांच्या आजारपणाचा अनुभव तुमचा, निर्णयही तुमचा. चार वर्षांपूर्वी "नाही" म्हणताना जो हक्क तुम्ही बजावला, तोच आता "हो" म्हणताना बजावत आहात. मध्ये मोडले असे काहीच नाही.

आतेसासूंचे ते वाक्य मला फार लागले, आणि त्याचे कारण त्यातला शब्द आहे. शिवणारी बाई ब्लाउजाच्या आतल्या अंगाला, शिवणीलगत, दोन बोटे कापड राखून ठेवते, त्याला आपण माया म्हणतो. ते कापड राखताना तिच्या हाताला ठाऊक असते की हे अंग कधी भरेल, बाळंतपणात सुटेल, एखाद्या दुखण्यात उतरेल, आणि त्या त्या वेळी टीप उसवून नवी घालावी लागेल. त्यात अंगाला दोष दिलेला नसतो. कापडानेच अंगाप्रमाणे सैल आणि तंग व्हायचे, असे गृहीत धरलेले असते. ज्या मायेतून ब्लाउज सोडता येतो, त्याच मायेतून तो पुन्हा आत घेता येतो. तुम्ही स्वतःच्या शरीराला दिलेली मान्यता मला अशीच दिसते. तिच्यात वजन वाढण्याला जागा होती, तशीच ते उतरण्यालाही आहे.

आता ६.१ या आकड्याकडे वळते. मी डॉक्टर नाही, तरी जे सर्वमान्य आहे ते सांगता येईल. एचबीए१सी ५.७ ते ६.४ या दरम्यान असले, तर त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात, ६.५ पासून पुढे मधुमेह. म्हणजे तुम्हाला मधुमेह झालेला नाही, पण वडिलांना तो असल्यामुळे लक्ष घालायला हवे. मात्र तुमच्या पत्रातली आणखी एक गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटली, आणि ती तुम्ही जाता जाता, दोनच ओळींत लिहिली आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेचा जिना चढताना धाप लागू लागली, म्हणून तुम्ही एका दवाखान्यात गेलात. तिथे नाडीही न पाहता "आधी वजन कमी करा, मग या" असे सांगून तुम्हाला परत पाठवले गेले. आणि त्यानंतर या फेब्रुवारीपर्यंत तुम्ही कोणत्याच डॉक्टरची पायरी चढला नाहीत. फेब्रुवारीत कळले की हिमोग्लोबिन ८.२ आहे, पाळीत जाणाऱ्या जास्त रक्तस्रावाने ते उतरले आहे आणि धाप त्याचीच होती.

ताई, हे वाचून मला खरोखर संताप आला. रक्तक्षय झालेल्या बाईला दोन वर्षे लोहाची साधी गोळी मिळाली नाही, कारण तपासणाऱ्याची नजर तिच्या आकारमानाच्या पलीकडे गेलीच नाही. माणसाला लाज वाटायला लावली की त्याचे वजन उतरते, असे मानणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा. लाज वाटली की माणूस दवाखाना टाळतो, तपासणी पुढे ढकलतो, आणि जो आजार वेळीच सापडला असता तो उशिरा सापडतो. पुढच्या वेळी असा प्रसंग आला, तर शांतपणे एवढेच विचारा: "हीच तक्रार घेऊन एखादी सडपातळ बाई आली असती, तर तुम्ही तिला कोणत्या तपासण्या सांगितल्या असत्या? त्या माझ्याही करूया." उत्तर मिळाले नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. वजनाचा विषय डॉक्टरांनी काढूच नये असे माझे म्हणणे नाही. त्यांनी तो जरूर काढावा, पण आधी तपासावे आणि मग बोलावे.

याच संदर्भात डॉक्टरांना आवर्जून विचारा, असा एक मुद्दा आहे. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झाला असेल, तर एचबीए१सी प्रत्यक्षातल्या साखरेपेक्षा जास्त दिसू शकते. तेव्हा ६.१ या एकाच आकड्यावर सगळी इमारत उभी करण्याआधी उपाशीपोटीची साखर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पाहिलेली साखर तपासून घ्यावी का, आणि लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन भरून आल्यावर एचबीए१सी पुन्हा करावे का, हे विचारून घ्या. पाळीच्या रक्तस्रावाचे कारण शोधले गेले आहे की नाही, हे पत्रात लिहिलेले नाही. ते राहिले असेल, तर सर्वांत आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. चालणे आठवडाभराने पुढे गेले तरी चालेल. हे मात्र लांबणीवर टाकू नका.

तुमच्या नातेवाइकांची सगळी भिस्त उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावर आहे, त्याविषयीही थोडे सांगते. ज्याला आपण बीएमआय म्हणतो, ते गणित एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या अडॉल्फ केतले या गणितज्ञाने 'सरासरी माणूस' कसा असतो याच्या अभ्यासात मांडले, आणि त्याला आजचे नाव १९७२ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅन्सेल कीझ यांनी दिले. मोठ्या लोकसमूहाचा अंदाज घ्यायला ते सोयीचे आहे. एकट्या माणसाच्या अंगात चरबी किती आणि ती कुठे साठली आहे, हे त्यातून कळत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे तंतोतंत सारखा होता; पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडची माणसे दिसायला किरकोळ असूनही त्यांच्या पोटात चरबी आणि रक्तात साखर असू शकते, हे डॉ. याज्ञिक यांनी वर्षानुवर्षांच्या कामातून दाखवून दिले आहे.

ही गोष्ट गोव्यात तर प्रत्येक घरात सांगायला हवी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते गोव्यात. वीस वर्षांवरील लोकांपैकी २६.४ टक्के. संपूर्ण देशाचे प्रमाण ११.४ टक्के होते. म्हणजे आपल्याकडे चार प्रौढ माणसे जेवायला बसली, तर त्यांतल्या एकाला मधुमेह असण्याचा संभव आहे, आणि तो पंगतीतला सर्वांत जाड माणूसच असेल असे मुळीच नाही. तुम्हाला अक्कल शिकवणाऱ्या सडसडीत दिरांनी स्वतःची साखर शेवटची कधी तपासली, हे त्यांना आपुलकीने जरूर विचारा. हे मी उट्टे काढण्यासाठी सांगत नाही. बारीक असलेला माणूस आपण सुरक्षित आहोत असे समजून निर्धास्त राहतो, हा या वजनवेडाचा दुसरा तोटा आहे आणि त्याची किंमत आपल्याकडचे पुष्कळ पुरुष मोजतात.

तुमच्या चालण्याच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो तो चेन्नईत झालेला अभ्यास, ज्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ५३१ भारतीय स्त्री-पुरुष त्यात होते. त्यांतल्या एका गटाला रोज किमान अर्धा तास भरभर चालण्याचा आणि साखर, मैदा व तेल-तूप कमी करून तंतुमय पदार्थ वाढवण्याचा सल्ला देऊन तो पाळला जातो की नाही याचा सतत पाठपुरावा केला गेला. सुमारे तीन वर्षांत या गटातला मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि त्यांचे सरासरी वजन मात्र जवळजवळ होते तेवढेच राहिले. पायांचे मोठे स्नायू रोज वापरात आले की ते रक्तातली साखर अधिक सहजपणे ओढून घेतात, आणि हे काम काटा हलण्याची वाट पाहत नाही.

तरीही वजनाचा आणि आरोग्याचा काडीचाही संबंध नाही, असे मी तुम्हाला सांगणार नाही. ते खरे ठरणार नाही. अमेरिकेतल्या अशाच एका मोठ्या अभ्यासात (तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला) आहार-व्यायामाच्या गटातला धोका ५८ टक्क्यांनी घटला होता आणि तिथे वजन उतरण्याचा वाटा मोठा होता. गुडघे, झोपेत श्वास अडकणे, यकृतातली चरबी अशा काही तक्रारींत थोडे वजन उतरले तरी अनेकांना आराम पडतो. आपल्याकडच्या बायकांनी कंबरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या पुढे जाऊ लागला की साखर आणि रक्तदाब तपासत राहावे, असे डॉक्टर सांगतात, तेही योग्यच आहे. २०२५ च्या जानेवारीत तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने अशी मांडणी केली की, केवळ बीएमआयवरून कोणाला रोगी ठरवू नये, वाढलेल्या चरबीमुळे एखाद्या अवयवाचे काम किंवा रोजचे जगणे बिघडले आहे का ते पाहावे. म्हणजे वैद्यकशास्त्रही आता हळूहळू अशा प्रश्नाकडे येत आहे, ज्याचे उत्तर बाईला विचारल्याशिवाय मिळत नाही.

या माहितीचे काय करायचे, हे मात्र तुम्ही ठरवायचे. वजन उतरले तर बरे, असे तुम्हाला वाटले, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. साखर, हिमोग्लोबिन आणि जिना चढताना लागणारा दम एवढ्यांकडेच लक्ष ठेवीन आणि वजनाच्या काट्यावर उभीच राहणार नाही, असे वाटले, तर तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. काटा वापरणारच असाल, तर पाणी, मीठ आणि पाळीचे दिवस यांमुळे एक-दोन किलो असेच खालीवर होतात, हे ध्यानात ठेवा. रोज सकाळी त्यावर उभे राहून त्या दिवसाचा मूड ठरवू नका.

इंजेक्शनाविषयी थोडक्यात लिहिते. टिर्झेपटाइड हे औषध मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात आले. ही डॉक्टरांच्या चिठ्ठीने, ठरावीक निकष पाहून द्यायची औषधे आहेत आणि ज्यांना त्यांची गरज आहे त्यांना त्यांनी खरोखर मोठा आधार दिला आहे. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ असे त्रास होऊ शकतात; घरात विशिष्ट प्रकारच्या थायरॉइड कर्करोगाचा इतिहास असेल किंवा मूल हवे असेल, तर ती घेऊ नयेत; उतरणाऱ्या वजनात स्नायूंचाही भाग असतो, म्हणून प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम सांभाळावा लागतो. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. तेव्हा हे चार महिन्यांचे काम नाही, दीर्घकाळच्या खर्चाची आणि देखरेखीची तयारी हवी. तुमच्या बाबतीत त्याची गरज आहे का, हे साखरेच्या पुढच्या तपासण्या पाहून तुमचे डॉक्टर सांगतील. चवथीच्या पंगतीत सगळे म्हणतात, हे ते घेण्याचे कारण होऊ शकत नाही. आणि धाकट्या जाऊबाईंविषयी पत्रात जो एक कडवट शब्द तुमच्या हातून लिहिला गेला आहे, तो मनातून काढून टाकावा अशी माझी विनंती आहे. तुम्ही स्वतःसाठी जी मोकळीक मागता, तीच त्यांनाही आहे. त्यांनी ते इंजेक्शन कोणत्या त्रासापोटी सुरू केले हे तुम्हाला माहीत नसेल, आणि त्यांनी ते सांगितलेच पाहिजे असेही नाही.

आता त्या पहाटेच्या चालण्याविषयी. ताई, ५.३० वाजता, दिवे नसलेल्या रस्त्यावरून, वळणावळणाने येणाऱ्या खनिजाच्या आणि दुधाच्या गाड्यांमधून एकटीने चालणे धोक्याचे आहे, हे आधी सांगायला हवे. पण तेवढ्यापुरतेच मी हे म्हणत नाही. तुम्ही अंधारात चालता, कारण तुमच्या मनात अजूनही नातेवाइकांशी सामना चालू आहे आणि चालणे म्हणजे त्यांच्या बाजूने धाव निघाली असे तुम्हाला वाटते. त्यांना जिंकू द्यायचे नाही म्हणून चालणे सोडून द्यावे, असा विचार दोन वेळा मनात येऊन गेल्याचेही तुम्ही लिहिले आहे. म्हणजे निर्णय पुन्हा त्यांच्याच हाती गेला. फरक एवढाच की पूर्वी ते सांगतील ते करावे लागे, आता ते सांगतील त्याच्या उलट करावे लागेल. शाळेतून आल्यावर, चहा झाल्यावर, उजेडात चाला. जेवल्यानंतर दहा-पंधरा मिनिटे अंगणात फेऱ्या मारल्या तरी जेवणानंतर चढणाऱ्या साखरेला त्याचा उपयोग होतो. कोणी पाहिले तर पाहू द्या.

"बारीक जालें गो!" असे म्हणणाऱ्यांना काय सांगावे, हा प्रश्न तुम्ही थेट विचारलेला नाही, पण तो सगळ्या पत्रभर आहे. कौतुक हे टोमण्याहून परतवायला कठीण असते, कारण परतवणारी बाई उद्धट ठरते. तरीही ते परतवायला हवे, कारण आज वजन उतरल्याचे कौतुक स्वीकारले, तर उद्या ते वाढल्यावर तेच तोंड पुन्हा बोलणार आहे. आवाज न चढवता एवढे म्हणा: "मामी, माझ्या अंगाविषयी बोलणे आपण चार वर्षांपूर्वी बंद केले होते, ते तसेच बंद ठेवूया. तुमचा गुडघा कसा आहे?" हे तीन-चार वेळा, त्याच शब्दांत, हसतमुखाने म्हणावे लागेल. रिपोर्टाची माहिती सगळ्यांना देण्याची गरज नाही. ज्यांना दिली नाही, त्यांच्यापासून तुम्ही काही लपवले असे होत नाही.

यातून सासूबाईंना मात्र वगळा. तुम्ही लिहिले आहे की फेब्रुवारीपासून त्या काही न विचारता तुमच्यासाठी रात्री नाचण्याची भाकरी वेगळी टाकतात. तुमच्या सगळ्या पत्रात एवढे एकच माणूस असे आहे, ज्याने शब्द न बोलता मदत केली. त्यांच्याजवळ बसा आणि ६.१ म्हणजे काय ते त्यांना नीट सांगा. स्वयंपाक त्यांच्या हातात आहे. उकड्या तांदळाचा भात तुम्ही सोडलेला नाही, फक्त थोडा कमी घेऊन हुमणातले बांगड्याचे तुकडे, अळसांदे आणि भाजी वाढवली आहे, हे त्यांना कळले तर रोज ताटावर होणारी ती ओढाताण थांबेल. बाकी उपवास, एकाच वेळचे जेवण, भात-पाव कायमचा बंद, असले काही करू नका. रक्तक्षय असताना तर नकोच.

तुमच्या यजमानांचा उल्लेख पत्रात एकदाच आला आहे, आणि तोही "ते मध्ये पडत नाहीत" असा. त्यांनी मध्ये पडायला हवे. आतेसासू, दीर, मामी ही त्यांची माणसे आहेत. चवथीला मोठ्या घरी जाण्याआधी त्यांनी स्वतः आपल्या आत्याला फोन करून सांगावे की, हिच्या शरीराविषयी या वर्षी कोणी काही बोलू नये, चांगलेही नको आणि वाईटही नको. दोन मिनिटांचा फोन आहे. हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवला तरी माझी हरकत नाही.

आणि आता मुलगी. "म्हणजे आधी तू वाईट होतीस?" या प्रश्नाला उत्तर द्यायला उशीर करू नका. तिला सांगा की, आधीही मी चांगलीच होते आणि आताही आहे. माझ्या रक्तात साखर थोडी वाढली आहे आणि लोह कमी झाले आहे, म्हणून मी गोळ्या घेते आणि चालते. त्यात मी बारीक झाले किंवा झाले नाही, तरी तुझी आई तीच आहे. मुलांना खरे कारण सांगितले की ती स्वतःची कारणे जुळवत बसत नाहीत. तिने गेल्या महिन्यात डब्यातला पाव परत आणला आणि "मी जाडी होईन" असे म्हटले, हेही तुम्ही लिहिले आहे. नवव्या-दहाव्या वर्षी मुलींच्या अंगाला मांस भरू लागते. पुढे उंची आणि पाळी यायची असते, त्याची ती तयारी असते, आणि या वयात पोटभर आणि सगळे खायला हवे. तिच्यासमोर वजनाचा काटा काढू नका, तिच्या ताटाविषयी घरात कोणी शेरा मारू देऊ नका. डबा वारंवार परत येऊ लागला, ती एकटीच जेवायला बसू लागली किंवा खाल्ल्यावर लगेच मोरीत जाऊ लागली, तर ते हसण्यावारी न नेता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मनाच्या आरोग्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी दूरध्वनी आहे, आणि बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे. खाण्याविषयीची भीती तुमच्याही मनात घर करते आहे असे वाटले, तर तुम्हालाही तो रस्ता मोकळा आहे.

येथे माझ्या आत्याची आठवण सांगते. ती अंगाने भरलेली होती आणि प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत, फोटोवाला आला की स्वतःहून मागच्या रांगेत जाऊन उभी राहत असे. ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकटीचा एकही फोटो आम्हाला सापडला नाही. शेवटी माझ्याच लग्नातल्या एका गटफोटोतून, दोन डोक्यांच्या मधून दिसणारा तिचा चेहरा कापून मोठा करून घ्यावा लागला. त्यात एका बाजूला कोणाचा तरी खांदा अजून दिसतो. तुमच्या मुलीबरोबरचा एक फोटो या आठवड्यातच काढून घ्या, पुढे उभे राहून, आज आहे त्या वजनात.

चवथ जवळ आली आहे. नेवऱ्या (करंज्या) करायला बसाल तेव्हा मुलीला शेजारी बसवून तिच्या हातात कातण द्या, आणि कडा वेड्यावाकड्या आल्या तरी त्या दुरुस्त करू नका. तळून झाल्यावर एक तिला द्या आणि एक तुम्ही घ्या. या अवस्थेत सणाला एखादी नेवरी खायला सहसा हरकत नसते, तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून घ्या. खाताना "आजच्या दिवस चालेल" किंवा "उद्या जास्त चालून येईन" असे तिच्यादेखत म्हणू नका. आतला चून (सारण) नीट भाजला गेला आहे का, वेलची पुरेशी झाली आहे का, एवढेच तिला विचारा.